अकरा डिस्का अन् एक कुलूप

नाही वामनराव, साक्षीदार म्हणून तुम्ही इचारलं तर सांगते, कोणी मले धमकावलं नाही अन् कोणी फूसही लावली नाही. डोकं ठिकाणावर आहे. सकाळी शुगरची गोळी खाल्ली, दोन भाकरी खाल्ल्या, अन् तुमच्या पोटाकडं पाहून तुमच्या चहात साखर कमी टाकली. मृत्युपत्र लिहाले एवढी शुद्ध पुरे झाली.

तर मी, श्रीमती सिंधूताई पुंजाजी अंभोरे, वय अडुसष्ट, कागदावर चौसष्ट (शाळेत मास्तरनं नाव टाकतानी अंदाजानं लिहलं, मीही कधी दुरुस्त केलं नाही), शिक्षण सातवी, राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माह्या राजीखुशीनं माह्या हातानं लिहून ठेवते. याच्या आधी कोणतं मृत्युपत्र केलं नाही. येत्या सोमवारी अकोल्याले छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतो, भ्याचं काम नाही. मंग सहा कागदायवर सह्या काऊन घेतल्या, ते त्यानं सांगतलं नाही.

मले वारस दोन. मुलगा संघपाल, राहणार अकोला, दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करते अन् घरी हौसेनं नवे जोडते. मुलगी महामाया, डोणगावले देलेली, अंगणवाडीत आहे. दोघं तीन महिन्यापासून एकमेकाशी बोलत नाहीत. हे मृत्युपत्र खरं म्हणजे त्या अबोल्यासाठी आहे. घर काय, ते कसंही वाटलं असतं.

कलम एक. घर. मागं दोन खोल्या, पुढं शूटिंगची खोली, वर टीन. दोघायले अर्धं अर्धं. मधात भिंत टाकाची नाही. पुढच्या दाराचं कुलूप संघपालले देते अन् त्याच्या तिन्ही किल्ल्या महामायाले देते. कुलूप तोडाचं नाही, बदलाचं नाही. घरात जाचं असलं तर एकानं दुसऱ्याले फोन कराचा. वामनराव म्हणतात असं कलम कोर्टात टिकत नाही. कोर्टात नाही टिकलं तर नाही टिको, दारात टिकलं म्हणजे झालं.

कलम दोन. पोस्टातली ठेव दोघायची सारखी. आकडा पासबुकात आहे. इथं लिहला तर समोरचे महादेवराव वाचतीन.

कलम तीन. आता मुद्द्याचं. माहे मालक पुंजाजी तेवीस वर्ष लग्नाची शूटिंग करत. जानेफळ, डोणगाव, मेहकरपर्यंत. त्यायचा नियम होता, वरिजिनल कॅसेट आपल्याजवळ ठेवाची अन् लग्नघराले कॉपी द्याची. लोकायच्या कॉप्या कुठं गेल्या? कोणाची उंदरानं खाल्ली, कोणाच्या लेकरानं तिच्यावर सिरियल भरली. मंग माणूस दहा-पंधरा वर्षानं दारात येते, म्हणते, "पुंजाजीभाऊ, माही माय एकदा दिसू द्या." मालकानं दुकान बंद केल्यावर कॉम्प्युटर जोडला अन् सगळ्या कॅसेटी हार्ड डिस्कायवर उतरवाले बसले. एक कॅसेट तीन तासाची, तर उतरवाले तीनच तास लागतात, घाई चालत नाही. अशा अकरा डिस्का झाल्या. हरेकीवर पांढरी चिकटपट्टी अन् नंबर. लग्नं आहेत, भीमजयंतीच्या मिरवणुका आहेत, विहाराचं उद्घाटन आहे. दोन वर्षाआधी मालक गेले, तवापासून हे काम मी करते. मशीन चालू नाही झाली तर रॅमची पट्टी काढाची, तिच्या पिवळ्या दातायवर शाळेचं खोडरबर फिरवाचं, परत बसवाची. सातवी शिकल्याचा एवढा उपयोग झाला.

कलम चार. मशीनमधल्या रॅमच्या चार पट्ट्या संघपालले. मालकानं साडेतीन हजाराले एक घेतली होती, तवा मी दोन दिवस बोलली नाही त्यायच्याशी. आता तीच पट्टी अकरा हजाराले सांगतात. संघपाल म्हणते, एआयवाल्या कंपन्या सगळी मेमरी उचलून राह्यल्या, आपल्यासारख्या हौशी माणसाले उरत नाही. सोनं घ्या म्हणत होती मी. सोनंच घेतलं होतं बिचाऱ्यानं, मले ओळखू आलं नाही. पण संघपाल, पट्ट्या विकाच्या नाहीत. तुह्या घरच्या मशीनले दोन पट्ट्या कमी आहेत अन् भाव पाहून तू थांबला आहेस, हे सूनबाईनं मले सांगतलं. दोन तिकडं लाव, दोन इथंच राहू दे.

कलम पाच. अकरा डिस्का महामायाच्या ताब्यात. पण चालवून पाह्याच्या संघपालनं, वर्षातून दोनदा, कारण पडून राह्यलेली डिस्क आखडते, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यावाणी. म्हणजे हिच्याजवळ डिस्का, त्याच्याजवळ अक्कल. कोणाच्या घरचा माणूस पाहाले आला तर त्याले दाखवाचं, पैसे घ्याचे नाहीत, चहा पाजाचा.

अन् विकाच्या तर बिलकूल नाहीत. फागुनात खामगावचा एक जुना माल घेणारा दारात आला होता. म्हणे, "मावशी, डिस्काले लय भाव आला. सगळ्या द्या, जागेवर रोख देतो."

मी म्हटलं, "आत लग्नं आहेत बाबू."

"ते पुसून टाकू. भाव डिस्कचा आहे, लग्नाचा नाही."

"पुसलं तर तुह्या मायचं लग्नही जाईन, ती जानेफळचीच आहे ना?"

तो म्हणे, "नाही, लोणारची." तरी जरा खाली बसला. त्याले पाणी पाजलं अन् वाटेले लावलं. पण अकरा डिस्काचा आकडा त्यानं सांगतला तवा मी त्याले तो परत एकदा सांगाले लावला, हे लिहून ठेवते. खोटं काऊन बोलू.

कलम सहा. भांडणाबद्दल. अकरा नंबरच्या डिस्कवर मालक होते. तेवीस वर्ष कॅमेऱ्याच्या मागं उभा राह्यलेला माणूस, कोणत्याच लग्नात दिसत नाही. शेवटच्या दुखण्यात त्यायनं खाटेवर बसून कॅमेरा स्वतःकडं फिरवला अन् कॅसेट न घालता सरळ डिस्कवर पाऊण तास बोलले. तेवढेच ते हलते-बोलते आपल्याजवळ होते. यंदा फेब्रुवारीत स्मृतिदिन केला. वंदना झाली, सत्तर माणूस मांडवात बसलं, महामायानं अकरा नंबर लावला. अन् पडद्यावर आशाबाईच्या लग्नातला बँड वाजला.

आशाबाई म्हणजे आपली शेजारीण. तिची कॅसेट सव्वीस जानेवारीच्या सुटीत संघपालनं उतरवली होती, हे अख्ख्या गल्लीले माहीत. महामायानं सगळ्यायसमोर त्याले इचारलं, "भाऊ, बाबा कुठं आहेत?"

तो म्हणे, "माह्या हातून झालं."

"हातून झालं म्हणजे? पाहून नाही घेतलं तू?"

"नाही पाह्यलं."

"बाबाले पुसलं अन् त्याच्यावर बँड भरला. कॉम्प्युटरवाला म्हणे."

त्यानं चार दिवस ती डिस्क अकोल्याले नेऊन लय प्रयत्न केले. वरून दुसरं भरलं की खालचं निघत नाही. महामायानं त्याचा नंबर काढून टाकला. मी दोघायच्या मधात बोलली नाही. या कलमानुसार माही इच्छा अशी की महामायानं भावाले माफ करावं. तशी इच्छा लिहाले काही स्टॅम्प लागत नाही म्हणे.

कलम सात. महादेवराव लहाने, समोरच्या घरचे. त्यायच्या पोरीच्या लग्नाची शूटिंग पाहून ते म्हणे, मी पंगतीत दिसत नाही. मालकाले परत बोलावलं, पंगत परत बसवली, अन् महादेवराव दुसऱ्यांदा जेवले. तो दुसरा लाडू मालकाच्या हिश्शाचा होता. मी विसरली नाही. त्यायचं मालकाच्या हॅलोजनच्या लाईटावर लय दिवसाचं मन आहे. वामनराव म्हणतात, साक्षीदारानं वाटा घेतलेला बरा दिसत नाही. म्हणून मी महादेवरावाले मुद्दाम साक्षीदार केलं. लाईट विहाराले.

बाकी भांडीकुंडी, व्हीसीआर, सोल्डरिंगची सळई, माह्या दोन पैठण्या, ज्याले जे लागते ते न्या, पण संगं बसून. या कागदाची अंमलबजावणी वामनराव करतीन.

हे सगळं मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

सिंधूताई पुंजाजी अंभोरे
जानेफळ, दिनांक १८ मे २०२६

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली म्हणून:
१. वामनराव सुरडकर, निवृत्त शिक्षक, जानेफळ
२. महादेवराव लहाने, शेती, जानेफळ (कलम सात वाचून, नाराजीनं)

पुरवणी. साक्षीदार घरी गेले. याच्यावर त्यायची सही नको, हे देण्याचं नाही, सांगण्याचं आहे.

आशाबाईच्या कॅसेटीले बुरशी लागली होती. एकदाच चालन अन् मंग तुटन, असं संघपाल म्हणे. तिची माय गोजरबाई मेली, अन् आता फक्त त्याच कॅसेटीत दिसत होती. डिस्का सगळ्या भरलेल्या. नवी घ्याले मेहकरले गेली तर मी सांगतलेल्या भावाले दुकानदार हसला. रिकाम्या हातानं घरी आली.

दहा डिस्का लोकायच्या होत्या. अकरावीच तेवढी घरची होती, सगळ्यात लहान, तिच्यावर मालक अन् आशाबाईचं लग्न दोन्ही मावत नव्हतं. तिच्यावरची चिकटपट्टी मी नखानं काढली अन् संघपालच्या हातात देली, म्हटलं रिकामी आहे. त्यानं इचारलं, "आई, पक्कं?" मी म्हटलं, पक्कं. काम झाल्यावर चिकटपट्टी परत लावून ठेवली, महामायाले समजू नये म्हणून.

महामाया, स्मृतिदिनाच्या दिवशी त्याले सगळं समजलं होतं. त्यानं माह्याकडं पाह्यलं, अन् माहं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. तुह्या बापाले मी पुसलं, माहीत असून.