नोरीनचं इन्सुलिन आणि माझं एकशेवीस वॉटचं पॅनेल

२ जून
वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीला निघायला तीन दिवस. हिशोब पक्का. गाडीतला फ्रिज दिवसाला चाळीस अँपिअर-तास खातो. एकशेवीस वॉटचं पॅनेल, पाच तास ऊन, पन्नास मिळतात. दहा उरतात. दुकानदार दोनशे वॉटचं गळ्यात मारत होता. त्याला म्हटलं, मी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, मला ऊन शिकवू नकोस.
नोरीनने विचारलं, माझं तीन महिन्यांचं इन्सुलिन त्यात असणार आहे, नक्की ना? बायकोचा एवढाही विश्वास नाही.

९ जून
नदीकाठी तळ टाकला. व्हिडिओतल्या अमेरिकन माणसाने सांगितलं तसं पॅनेल तिरपं उभं केलं, तोंड दक्षिणेला. होकायंत्र लावून.
शेजारच्या कॅरॅव्हॅनमधला क्लाइव चहा घेऊन आला. म्हणाला, मास्तर, उत्तरेला फिरवा की, आपल्याकडे सूर्य तिकडे असतो. जन्मभर मेंढ्या भादरल्या या माणसाने. हसून सोडून दिलं.

१० जून
बॅटरी ६१ टक्के. ढग असावेत. नोरीन म्हणते, एकही नव्हता.

११ जून, दुपारी २
३८ टक्के. बॅटरीच खराब दिली. पारा चौतीस. नोरीनला पंखा बंद करायला लावला. मानेवर ओला टॉवेल घेऊन बसली. पटलं असावं.
क्लाइव म्हणाला, इन्सुलिन आमच्या फ्रिजमध्ये ठेवा. ती डबा घेऊन उठलीसुद्धा. मी खाली बसवलं. परक्याच्या फ्रिजमध्ये, त्याच्या माशांशेजारी? उद्या भरेल बॅटरी.

१४ जून
दोन दिवस बोटीने दरी बघून परत. बंद गाडीत नुसती भट्टी. फ्रिज कधी बंद पडला कोण जाणे. तिने सोबत नेलेलं इंजेक्शनचं एक पेन सोडलं तर सगळं इन्सुलिन वाया.
मी म्हटलं, हिशोब बरोबरच होता, फ्रिज जास्त खातो. ती म्हणाली, तुझं बरोबरच असतं, लॉयड, आणि तरी मी तुला विचारत बसते. आवाजही चढवला नाही.

१५ जून
क्लाइव आणि त्याची बायको तिला गावातल्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथूनच विमानाने बहिणीकडे जाणार म्हणे. निघताना तिने पॅनेल उचलून उत्तरेला तोंड करून ठेवलं. मी तसंच राहू दिलं. वाद कशाला.

१७ जून
दुपारी बाराच्या आत शंभर टक्के. म्हणजे एकशेवीस वॉट पुरतातच. हेच सांगायला नोरीनला फोन केला. बहिणीने उचलला. म्हणाली, तिला तुझ्याशी बोलायचं नाही.
फ्रिज मस्त गार आहे. आत ठेवायला काही नाही.