लेट जयवंत परब

मुलुंड, ५ जानेवारी २०२५

चि. अक्षतास,
आईचे अनेक आशीर्वाद. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं, म्हणून लिहिते.

वाचनालयातल्या इंग्रजीच्या वर्गात मी आता वाक्यं करते. 'मिल्क इज लेट' हे परवाचं. बाई म्हणाल्या, झकास. म्हणून धवलच्या आईंनी घाटकोपरहून पाठवलेला तुझ्या लग्नपत्रिकेचा नमुना चष्मा लावून स्वतः वाचला, आणि माझं डोकंच फिरलं. तुझ्या बाबांना 'लेट जयवंत परब' केलंय. अगं, शाळेत शिपाई म्हणून ज्यांनी उभा जन्म पहिली घंटा दिली, ते लेट? त्यांना उशीर झाला असता तर अख्खी शाळा खोळंबली असती. तो शब्द काढा, असं मी विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी 'बरं' म्हणून घाईघाईने फोनच ठेवला. माझं काही चुकलं का गं?

लोभ असू दे, आणि वेळेवर जेवत जा.
तुझी आई

बंगळुरू, ११ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. पत्र वाचून आधी हसले, मग हसणं जमेना. आई, नावाच्या आधी लेट लावलं की अर्थ उशीर नसतो. आपण 'कै.' लिहितो ना, तेच ते. 'जयवंत इज लेट' म्हटलं तर उशीर झालाय, 'लेट जयवंत' म्हटलं तर माणूस गेलाय. धवलच्या आईंना हे तुला सांगवेना, त्यांनी मलाच फोन केला.

खरं सांगू, बाबांच्या नावापुढे तो शब्द मलाही बघवत नाही. तुला नको असेल तर काढू. तू म्हणशील तेच छापायचं ठरलंय.

तुझ्या ओरड्यासकट लोभ हवाय.
अक्षता

मुलुंड, १८ जानेवारी

चि. अक्षतास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. एवढासा शब्द, जागा बदलली की माणूसच नेतो.

पत्रिकेत तो राहू दे. खरं ते छापावं. विहीणबाईंना तसं कळवलं, तेव्हा त्याही रडल्या. बाई चांगली आहे, तुझं तिथे बरं होईल.

मांडवात माझ्या शेजारची खुर्ची मात्र रिकामी ठेवायची. कुणी विचारलंच, तर मी इंग्रजीत सांगेन, 'जयवंत इज लेट.'

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी आई