डोळ्याचे निदान

अकोला, १८ जानेवारी १९६३

प्रिय गोपाळकृष्ण,

तुझा उजवा डोळा लाल झाला आहे, त्याला उजेड सोसवत नाही आणि गुडघेही सुजले आहेत, असे कळले. वाईट वाटले असे लिहिणे शिष्टाचाराला धरून झाले असते. परंतु ते खोटे ठरले असते.

माझाही डोळा असाच झाला होता. १९५४ साली तुझ्या वलगावच्या मळ्यात हुरडा खाऊन आपली सारी मंडळी आमांशाने आडवी झाली. मी बरा झालो आणि काही आठवड्यांनी गुडघे धरले, डोळा पेटला. शाळासोबती, मेहुणा आणि अमरावतीचा नावाजलेला डॉक्टर म्हणून तुझ्याकडे आलो. तू नीट तपासलेही नाहीस. हा बाहेरख्यालीपणाचा रोग आहे, असे तू माझ्या पत्नीला, सत्यवतीला, म्हणजे स्वतःच्या बहिणीला, सांगितलेस. पुढे माझे रक्त निर्दोष ठरले, तरी शब्द मागे घेण्यात तुला कमीपणा वाटला. सत्यवती तुझ्याकडे आली ती तिथेच राहिली. शेजारचे चंद्रभान पाटील ओट्यावरून मोठ्याने विचारीत, "बाई माहेराहून येऊन नाई राहिल्या, काहून जी? डोया तर बरा झाला तुमचा." हे मी वर्षानुवर्षे ऐकून घेतले.

नागपूरच्या नेत्रतज्ज्ञांनी निराळेच सांगितले. आमांशाचे जंतू डोळ्यात शिरलेलेच नसतात. त्यांच्यावर चालून गेलेली शरीराची संरक्षक शक्ती काही माणसांत आपले-परके ओळखेनाशी होते आणि स्वतःच्याच डोळ्यावर, सांध्यांवर उलटते, असा कयास आहे. सिद्धता अद्याप व्हायची आहे. हे मी तुला तेव्हाच कळवले होते. तू उत्तर दिले नाहीस.

परवा रमावहिनी, तुझी पत्नी, येथे एका लग्नाला आल्या होत्या. मला बाजूला बोलावून, मान खाली घालून त्यांनी विचारले, "भावजी, असा डोळा कशाने होतो हो?" गेल्या महिन्यात तुला आमांश झाला होता, हे मला ठाऊक होते. दोन वाक्यांत त्यांचा जीव भांड्यात पडला असता. ती वाक्ये मी बोललो नाही. म्हणालो, "डॉक्टर तुमच्याच घरात आहे. त्यालाच विचारा, मात्र सत्यवतीच्या देखत विचारा." वहिनी येत्या सोमवारी परततील आणि विचारतील, म्हणून हे पत्र. आमांशाचे कारण सांगून तू सुटलास, तर त्याच क्षणी मीही सुटतो. गप्प राहिलास, तर बायकोने न बोलता वाढलेले ताट कसे लागते, ते कळेल. दोहोंपैकी जे सोसवेल ते निवड.

तुझाच मेहुणा,
मोरेश्वर