दोन झडपांवरचा शब्द

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार (कंबर वाकू देते तितका वाकून). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींना सांग, त्यांच्या नावाची पाटी या महिन्यात नक्की रंगवतो. (गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं, ते त्यांना आठवू देऊ नकोस.)

इकडे मी एका शब्दाच्या तावडीत सापडलो. इस्पितळातल्या एका खोलीच्या दारावर 'इलेक्ट्रोएन्सेफलॉग्रफी' रंगवायचं काम आलं. शब्द तोंडात बसल्याशिवाय मी ब्रश बुडवत नाही, तुला माझी खोड ठाऊकच आहे. तिथल्या तपासणीवाल्या बाईंनी तो शिकवला: नऊ ठोके, जोर सातव्यावर, 'लॉ'वर. दिवसभर मी रंगाच्या डब्यावर ठोके देत घोकत होतो (माझा जोर चौथ्यालाच संपायचा). मग बाईंनी त्याचे तुकडे करून दिले. इलेक्ट्रो म्हणजे विजेचं, एन्सेफलो म्हणजे मेंदूचं, ग्रफी म्हणजे लिहिणं. मेंदूत आपलीच बारीकशी वीज असते, ती यंत्र कागदावर उतरवून घेतं. बाहेरून काही देत नाही. म्हणजे बाई माझ्याच धंद्यातल्या. मी खूश झालो आणि अर्थ मध्येच तुटू नये म्हणून मोठ्या हुशारीने डाव्या झडपेवर 'इलेक्ट्रो' आणि उजव्या झडपेवर बाकीचं सगळं रंगवलं.

उजवी झडप दिवसभर आत उघडून ठेवतात हे मला कोणी सांगितलं नाही (मीही विचारलं नाही). बाकावर बसलेल्यांना दिसायचं नुसतं 'इलेक्ट्रो'. इथे शॉक देतात असं समजून दोन दिवसांत सहाजण पळाले, एक आजोबा तर चपला तिथेच टाकून. बाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "आता तुम्हीच त्यांना परत आणा." मी पत्ता घेऊन आजोबांकडे चपला पोचवल्या, त्यांच्या पायरीवर बसून नऊ ठोके वाजवले, तिन्ही तुकडे समजावले आणि हात धरून त्यांना घेऊन आलो. तपासणीनंतर म्हणाले, "काहीच झालं नाही की." मला फार बरं वाटलं. आता बाई उजवी झडप लावून डावी उघडी ठेवतात. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. गेले दोन महिने रंगवताना माझा हात मध्येच थांबतो. ब्रश हवेत राहतो आणि मधला वेळ कुठे गेला ते मला कळत नाही. घरी बोललो नाही. गुरुवारी सकाळी दहाला त्याच खोलीत माझा नंबर आहे.

आणखी एक ता. क. काळजी करू नकोस, शब्द मला पाठ आहे, तुकड्यांसकट. पण त्या दारापाशी गेलो की मला अजून डावी झडपच दिसते. खोली तळमजल्यावर आहे, तुझ्या गुडघ्याला त्रास नाही. तू ये. बाकावर माझ्या शेजारी बस, माझ्या हातावर नऊ ठोके दे, आणि सातव्याला जरा जोरात दाब.