सोवळ्यातला बर्फ

नाशिक,
आश्विन शुद्ध पंचमी, शके १८५७

चि. त्र्यंबकास,

दुकानात गर्दी नसताना हे पत्र हाती पडो, असा आशीर्वाद.

सहाणेवर जायफळ उगाळल्याचा आवाज आज सकाळपासून माझ्या कानात आहे. कोजागरीच्या दुधासाठी तुझी आई उगाळत बसायची, आणि तू तिच्या हाताच्या तालावर शरदवर्णनाचे श्लोक घोकायचास. तिचा हात थांबला की तू अडायचास. पुढे माझ्या वर्गात उभा राहून अडलास, की मी टेबलावर हळूच पट्टी घाशी, आणि तुझी गाडी चालू होई. बाकीची पोरे बावळटासारखी बघत राहत.

असो. पत्राचे कारण निव्वळ व्यावहारिक आहे.

आमच्या शाळेत फारसी शिकवायचे ते बद्रुद्दीन मास्तर लेकीकडे मुंबईस गेले होते. गिरगावात तुझ्या कोल्ड्रिंकच्या दुकानी जाऊन आले. आल्या आल्या आमच्या ओट्यावर बसले आणि तुझ्या आईसमोर सुरू झाले, "वहिनी, तुमच्या पोरानं कमाल केलीय! थंडगार कॉफी, दाट दूध, केशर, जायफळ, वर बर्फाचा चुरा. पहिल्या घोटाला मी डोळे मिटले ते ग्लास रिकामा झाल्यावर उघडले. पाटीवर नाव काय, तर 'शरद कॉफी'!"

शरद! ऋतू शिकवला तो काय पेल्यात भरून विकायला? मी मास्तरांना एवढेच विचारले की पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ तरी नीट आहे ना. ते म्हणाले, "शरदमध्ये ऱ्हस्व-दीर्घ असतंच कुठं, मास्तर?" म्हातारपणी लोक उगाच वाद घालतात.

तर तुझ्या आईने ते मनावर घेतले आहे. कोजागरीला थोरल्या मुलाची आश्विनी करायची, त्याला ओवाळायचे, ही घरची रीत तुला ठाऊकच आहे. तू घर सोडून मुंबईस गेल्यापासून ती पाटावर सुपारी मांडते आणि सुपारीला ओवाळते. दूध मात्र तोंडाला लावत नाही, उपाशीच निजते. यंदा म्हणाली, "अहो, त्याच्या हातचं नाही तर त्याच्या रीतीचं तरी पोटात जाऊ दे. ती कॉफी करून द्या, मी उपास सोडीन."

आता मला सांग, या घरात कॉफी म्हणजे आजाऱ्याला द्यायची, जायफळ घालून, कढत. ती गार करायची कशी? मी उकळती कॉफी बर्फावर ओतली. भांडी विसळलेले पाणी बरे, असे काहीतरी झाले. मग वाटले, शरद म्हणजे प्राजक्त. अंगणातली फुले वेचून, देठांसकट दुधात उकळली. रंग काय सुरेख आला! बद्रुद्दीन मास्तरांनी घोट घेतला आणि म्हणाले, "मास्तर, हा शरद नाही, हा काढा आहे. अंगात ताप असता तर उतरला असता."

त्यावर कडी तुझ्या आईची. बर्फ रविवार कारंज्यावरच्या नजीरकडून आणावा लागतो, गोणपाटात, लाकडाच्या भुश्यात लोळलेला. तो स्वयंपाकघरात घ्यायचा तर सोवळ्यात घेतला पाहिजे! तिने त्यावर गंगेच्या पाण्याचा तांब्या ओतला. मग दुसरा. भुसा गेला, विटाळ गेला आणि बर्फही गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायला गेलो तर नजीर म्हणतो, "बर्फ धुऊन घेणारं गिऱ्हाईक जिंदगीत पहिलंच पाहिलं!"

तेव्हा कृती कळव. दोन ओळी पुरेत. कॉफी आधी निववायची की नंतर? दूध किती आटवायचे?

दुकानात कुंकू लावलेली एक बाई पेले भरत होती, असेही मास्तर म्हणाले. कोण, ते मी विचारले नाही. तुझ्या आईने विचारले. त्यांना माहीत नव्हते. तेही लिहावेसे वाटले तर लिही.

तुझे,
नाना


नाशिक,
आश्विन शुद्ध पौर्णिमा, तिन्हीसांजा

चि. त्र्यंबकास,

उत्तर नाही. रोज पोस्टमन गल्लीत शिरला की मी ओट्यावर, आणि तो माझी नजर चुकवून पुढे. दोन ओळी लिहायला वेळ नाही म्हणजे धंदा जोरात असणार. आनंद आहे.

शाळेतली नोकरी लावून देत होतो ती लाथाडलीस, "कपबशा विसळीन पण पोरांना झोडपून कविता शिकवणार नाही" म्हणालास. ते वाक्य मला अजून पाठ आहे, वृत्तात नसूनसुद्धा. असो.

आज शेवटचा प्रयत्न केला. दूध आटवले, कॉफी निववली, केशर घातले. जायफळ तुझ्या आईने उगाळले. मी नुसता ऐकत बसलो होतो. इथवर सारे झकास. मग झाकणाचा डबा बर्फात पुरला आणि लवकर गार व्हावे म्हणून बर्फावर मीठ पसरले. झाकण सैल होते, हे मला कोण सांगणार? खारे पाणी आत शिरले. कोजागरीच्या दिवशी मी आमटी केली!

तुझ्या आईने डबा मोरीत रिकामा केला. मी म्हटले, "साधं दूध घे, हट्ट कशाला?" तर म्हणाली, "मला भूकच नाही." पाट मांडला आहे. सुपारी धुऊन ठेवली आहे. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही, आणि तिकडे पंचवटीवर चंद्र असा काही येतो आहे की एरवी मी सबंध आळीला श्लोक ऐकवले असते. आज तोंडातून ओळ फुटत नाही. तुझ्या त्या कॉफीला

थांब, दार वाजते आहे. मास्तर असतील.

मास्तर नव्हेत.

उभ्यानेच लिहितो आहे. दारात पाचवारी नेसलेली एक मुलगी होती, कपाळाला कुंकू, कडेवर गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणि पदर ओलाचिंब. वाकून नमस्कार करायला गेली तर बर्फ निसटायला लागला. म्हणाली, "मामंजी, आधी हे कुठं ठेवू ते सांगा. तुमचं पत्र त्यांनी कितीदा वाचलं, पण म्हणाले, ही कृती लिहून जमायची नाही."

मी विचारले, "तो कुठे आहे?"

"गल्लीच्या तोंडाशी. टांग्यातून उतरत नाहीत. म्हणतात, नाना बोलावतील तर येईन."

तेवढ्यात तुझी आई बाहेर आली. सुनेकडे पाहिले, गोणपाटाकडे पाहिले. मी लगबगीने गंगेचा तांब्या पुढे केला. तो तिने बाजूला सारला. भुश्यासकट बर्फ पोटाशी धरून ती थेट स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून ओरडली, "अहो, पाटावरची ती सुपारी उचला आधी!"

उचलली आहे. माझ्या मुठीत आहे.

हे पत्र टपालात टाकत नाही. काठी घेऊन स्वतःच टांग्यापर्यंत येतो आहे आणि ते तुझ्या हातात देतो, कारण तोंडाने मला हे बोलता येणार नाही. वाच आणि उतर. तुझी आई सकाळपासून उपाशी आहे, आणि बर्फ वितळतो आहे.

वाट पाहणारे,
नाना