दोनदा म्हणण्यापुरती जागा

गुरुजी, रविवारी आपल्या वेदपाठशाळेची पन्नाशी साजरी झाली. मुलुंडचं मोठं नाट्यगृह घेतलं होतं. दारात सनई होती, रांगोळीत पाठशाळेचं बोधचिन्ह होतं (आपल्याला बोधचिन्ह आहे हे मलाही तेव्हाच कळलं), आणि आत शिरल्याशिरल्या समोर तुमचा फोटो, माणसापेक्षा उंच. कोणीतरी कॉम्प्युटरवर तुम्हाला हसवलं होतं. ओठांचे कोपरे वर ओढले होते आणि दात दाखवले होते. तुम्ही हसायचात तेव्हा आधी खाली बघायचात आणि पंच्याचं टोक तोंडाशी न्यायचात, हे त्या कॉम्प्युटरवाल्याला कोण सांगणार? मी क्षणभर उभा राहिलो, हे गृहस्थ कोण असं मनात आलं, आणि तरी वाकून नमस्कार केला, कारण मागे रांग होती.

तुमच्या वेळी पाठशाळा म्हणजे दत्तमंदिरावरच्या दोन खोल्या. एकीत तुम्ही आणि काकू, दुसरीत आम्ही सगळी मुलं, आणि मधल्या बोळात स्वयंपाक. माझी मुंज झाली आणि त्याच आठवड्यात बाबांनी घाटकोपरहून मला आणून तुमच्यासमोर बसवलं. बाबा भिक्षुकी करायचे, पण अर्धं पोथीत बघून, आणि त्याची त्यांना आयुष्यभर लाज होती. "ह्याचं माझ्यासारखं नको व्हायला," एवढंच ते तुम्हाला म्हणाले. तुम्ही मला जवळ ओढलंत, माझं डोकं दोन्ही हातांत धरलंत आणि संथा सुरू केलीत. तुम्ही एकदा म्हणायचं, आम्ही दोनदा. पुस्तक नाही, पाटी नाही. स्वर खाली गेला की तुम्ही माझी मान खाली दाबायचात, वर गेला की हनुवटी उचलायचात, मधला असला की डोकं उजवीकडे कलवायचात. पहिले काही महिने माझी मानच शिकत होती, मी नुसता तिच्याबरोबर होतो. पुढे तुम्ही हात काढून घेतलात तरी आमच्या माना हलतच राहिल्या. शाळेतली पोरं आम्हाला नंदीबैल म्हणायची.

एकदा मी खालच्या पूजासाहित्याच्या दुकानातून छापील पोथी आणली आणि मांडीखाली लपवली. तुम्ही सांगितलेलं दोनदा म्हणताना मी खाली नजर टाकली. तुम्हाला ते दिसलं नाही, ऐकू आलं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही रागावला नाहीत. पोथी काढून काकूंकडे दिलीत आणि म्हणालात, "ही चुलीजवळ ठेव, पापड सुकवताना वजनाला होईल." काकूंनी खरंच ठेवली. मग मला म्हणालात, "अरे, मी समोर बसलोय ना? माझ्याकडे बघ की." मला मार चालला असता. त्या दिवशी काकूंनी मला आमटी जास्त वाढली आणि मी मान वर न करता जेवलो. माझ्यापुढे बसून, मी चुकेपर्यंत माझ्याकडे बघत राहणारं माणूस मला त्यानंतर कुठेच भेटलं नाही. शाळेत नाही, नोकरीत तर नाहीच.

पुढे मला कावीळ झाली आणि बाबा घरी घेऊन गेले. उसाचा रस, कुरमुरे आणि उकडलेला भात. दोन महिने संथा नाही म्हणजे सगळं धुऊन जाणार, हे मला कळत होतं आणि मी अंथरुणात रडायचो. तेव्हा तुम्ही आलात. यंत्राचा तुम्हाला केवढा तिटकारा! कोणी तुमचं रेकॉर्डिंग मागितलं की म्हणायचात, "यंत्र चूक सांगत नाही, त्याच्यापुढे म्हणून काय उपयोग?" आणि तेच तुम्ही खालच्या केमिस्टचा टेपरेकॉर्डर मागून घेऊन माझ्यासाठी कॅसेट भरून आणली होतीत. मी ती लावली. तुम्ही एक चरण म्हणालात आणि थांबलात. मला वाटलं टेप अडकली. मग कळलं, तुम्ही माझ्यासाठी जागा सोडली होतीत. दोनदा म्हणण्यापुरती, माझ्या धिम्या जिभेच्या हिशेबाने. त्या जागांमध्ये तुमचा श्वास ऐकू येतो, लांबून काकूंच्या कुकरची शिट्टी, आणि एका ठिकाणी तुम्ही हळूच म्हणता, "घाई नको." मी अंथरुणात पडल्या पडल्या प्रत्येक जागा भरली. गुरुजी, मला आयुष्यात इतकं मोठं काही कोणी दिलेलं नाही.

दहावीनंतर बाबांनीच मला काढलं. ज्यांनी आणून बसवलं त्यांनीच. भिक्षुकाच्या पोराला मुलगी कोण देणार, हा प्रश्न तोवर घरात शिरला होता. तुम्ही वाद घातला नाहीत. मी पाया पडलो तर म्हणालात, "रोज थोडं म्हणत जा." मी काही वर्षं म्हणत होतो. मग पवईच्या ऑफिसात लागलो, लग्न झालं, मुलगा झाला, आणि रोजचं म्हणणं गणपतीपुरतं आणि श्राद्धापुरतं उरलं. तुम्ही गेलात तेव्हा मी स्मशानात मागे उभा होतो. पुढे उभे राहून म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते.

आता तुमची पाठशाळा सांगतो. देवळाची इमारत पाडून टॉवर झाला आणि त्यात पाठशाळेला अख्खा मजला मिळाला. वीस मुलांची झोपायची सोय, एसी, गरम पाणी. मुलं दोन. शिकवतो तो तुमच्याच शेवटच्या शिष्यांपैकी, तुम्ही गेलात तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. तो अजून पुस्तकाशिवाय संथा देतो, एकदा आणि दोनदा. मी निवृत्त झाल्यावर समारंभाच्या कमिटीत मला घेतलं तेव्हा तो मला म्हणाला, "काका, फंड वगैरे ठीक आहे ना, पण मला पोरगं आणून द्या. एक तरी. दोघांतला एक आजारी पडला की माझी वाट लागते. ट्रस्टनं सांगितलंय, गुरुपौर्णिमेपर्यंत नवीन कोणी आलं नाही तर मजला योगा क्लासला जाणार आणि मी ऑनलाइन सत्यनारायण सांगायचे." मग म्हणाला, "तुमच्या नातवाची मुंज झाली ना हो मे महिन्यात?" मी म्हटलं, झाली. आणि चहा मागवला.

समारंभात तुमच्याविषयी मी बोलायचं असं ठरलं होतं. मला सुचलं, आपण कशाला बोलायचं, कॅसेट लावू. सभागृहात तुमचे जुने विद्यार्थी भरपूर येणार होते. तुम्ही एकदा म्हणाल, थांबाल, आणि सगळे मिळून दोनदा म्हणतील. मी कोणालाही आधी सांगितलं नाही. सांगून केलं तर तो कार्यक्रम झाला असता. मला बघायचं होतं, आपोआप येतं का. आणि खरं सांगू, मी मनाशी एक ठरवलं होतं. सभागृह बोललं, तर घरी जाऊन मुलाशी नातवाबद्दल निदान विषय काढायचा. महिनाभर घरात ती कॅसेट फोनवर उतरवून साफ करत बसलो होतो. नातवाने एकदा विचारलं, "आजोबा, हे आजोबा मध्येच गप्प का होतात?" मी म्हटलं, "त्यांच्यामागून दोनदा म्हणायचं असतं, म्हणून." "ओके," म्हणाला आणि गेला.

रविवारी आधी अध्यक्ष बोलले. तेच टॉवर बांधणारे. माणूस वाईट नाही, देवावर श्रद्धा आहे, खर्चाला मागेपुढे बघत नाही. प्रत्येक खुर्चीवर एक कार्ड ठेवलं होतं: मी एका भावी विद्यार्थ्याचं पालकत्व स्वीकारत आहे. बारा वर्षांचं शिक्षण, जेवण, कपडे, सगळं. अध्यक्ष म्हणाले, "मुलं कमी पडतील, पण पैसा कमी पडू देणार नाही!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, गुरुजी. मीही वाजवल्या, मग हात मांडीवर ठेवले. कार्डं भराभर भरली जात होती. माझ्या शेजारी आपल्याच पाठशाळेचा एक जण होता, माझ्या मागच्या तुकडीचा, आता मुलगा अमेरिकेत. त्याने दोन मुलांचं पालकत्व घेतलं. "आपण खाल्लंय रे त्या घरचं," म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच भरले होते. मीही एक कार्ड भरलं. त्या सभागृहात प्रत्येकाला मूल हवं होतं आणि प्रत्येकाच्या मनात ते दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

मग दिवे मंद झाले आणि तुमचा आवाज आला. मोठ्या स्पीकरवर तो मला तरुण वाटला, माझ्यापेक्षा किती तरी तरुण. तुम्ही अग्नीच्या सूक्ताचा एक चरण म्हणालात आणि थांबलात. तुमचा श्वास सगळ्या सभागृहात ऐकू येत होता. मी आजूबाजूला बघितलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या माना हलत होत्या. खाली, वर, उजवीकडे. टक्कल पडलेल्या, रंगवलेल्या केसांच्या, एक तर गळ्यात पट्टा घातलेली मान, सगळ्या बरोबर स्वरात हलत होत्या. माझीसुद्धा. आणि तोंडं सगळ्यांची बंद. मी तोंड उघडलं होतं, त्यात काही नव्हतं. शब्द जिथे असायचे तिथे मी हात घातला आणि हाताला भिंत लागली. तुम्ही दुसरा चरण म्हणालात आणि पुन्हा थांबलात. लोक मोबाइल बघायला लागले. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मागे कोणीतरी हसलं. तिसऱ्या जागेत निवेदिका धावत माइकशी आली, "तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व, अडचण लवकरच दूर होईल." पण त्याआधीच साउंडवाल्याने तुम्हाला बंद केलं होतं. "घाई नको" पर्यंत आपण पोचलोच नाही. टाळ्या झाल्या आणि देणगीदारांना शाली सुरू झाल्या.

नंतर पेढ्याच्या टेबलाशी तो शिक्षक भेटला. फोटोसाठी दोन्ही मुलांना तयार करायला तो मेकअपच्या खोलीत होता. मला म्हणाला, "काका, आत ऐकू आलं मला. आम्ही म्हटलं ना तिघांनी. दोनदा. पण तिकडे माइक कुठे होता." मग त्याने तोच प्रश्न पुन्हा नुसत्या डोळ्यांनी विचारला. मी म्हटलं, "मी कार्ड भरलंय रे." "हो, बघितलं," तो म्हणाला. "उपकार झाले." तो टोमणा मारणाऱ्यांतला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

मला राग येतो, पण कोणावर काढू? अध्यक्षांवर काढावा तर निदान त्यांनी छप्पर दिलं. मुलावर काढावा तर तो म्हणेल, बाबा, तुम्हीच सोडलंत ना? आणि नातू. मराठी त्याला जेमतेम वाचता येते, शाळा हिरानंदानीतली, शनिवारी फुटबॉल. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की घर सोड, शेंडी ठेव, बारा वर्षं एका माणसासमोर बस, आणि शेवटी तुझ्यामागून म्हणायला कोणी असेल याची खात्री नाही? सभागृह बोललं नाही, म्हणजे विषय काढायचा प्रश्न मिटला, असं मी घरी येताना रिक्षात स्वतःला सांगितलं. सुटल्यासारखं वाटलं. तेही तुम्हाला सांगून टाकतो.

आता सोमवारचं. सकाळी मी जेवणाच्या टेबलाशी फोनवर उतरवलेली कॅसेट पुन्हा लावली, शब्द निदान ऐकून तरी आठवतात का बघायला. मुलगा-सून ऑफिसला गेले होते. नातू समोर दूध-कॉर्नफ्लेक्स खात होता, एक पाय बुटात, एक नुसत्या मोज्यात. तुम्ही चरण म्हणालात आणि थांबलात. आणि त्याने म्हटलं. चमचा हातात, नजर खिडकीबाहेर, सहज. दोनदा. जोडाक्षरं अडखळली, पण स्वर एकही चुकला नाही गुरुजी, एकही नाही. त्याची मान कोणी कधी धरलेली नाही, तरी ती खाली गेली, वर आली आणि उजवीकडे कलली. तुम्ही पुढचा चरण म्हणालात. त्याने तोही घेतला. आणि मग तुम्ही त्याला म्हणालात, "घाई नको."

मी फोन बंद केला. त्याला म्हटलं, "बस येईल, दुसरा बूट घाल."

तुमच्या शिष्याचा त्यानंतर दोनदा फोन येऊन गेला. मी उचलला नाही. हे मुलाला सांगितलेलं नाही, सुनेला नाही, आणि फोनवरचं पुसून कॅसेट मी कपाटात वर, नातवाचा हात पोचणार नाही अशी ठेवली आहे.