शेपटी पास होणारच

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी सात.
उठल्याबरोबर सगळ्यांच्या तब्येती विचारल्या. कॉम्प्रेसर: पोटातून पेलाभर पाणी निघालं. हवाच दमट, त्याला बिचाऱ्याला काय बोलणार. ड्रिल: ठणठणीत. रिव्हेट गन, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे ठोकायची हवेची बंदूक: हवा घेते त्या तोंडातून दोन थेंब तेल पाजलं, खूष. बकिंग बार, म्हणजे रिव्हेटच्या मागं धरायचा लोखंडी ठोकळा: पॉलिश केला, त्यात माझी मिशी दिसते. नागम्मा: विचारायची राहिली. भांडी आपटत होती, म्हणजे बरी असणार.

भांड्यांचं कारण असं. लेक निवेदिता पंधरा ऑक्टोबरला बाळंतपणाला येतेय आणि तिच्या आईला, म्हणजे नागम्माला, पुढची खोली रिकामी पाहिजे. पुढच्या खोलीत माझं विमान. दोन सीटचं, पत्र्याचं. सध्या फक्त शेपटी. ठराव झाला: माझा भाचा हृषीकेश बारा तारखेला येणार. त्यानं एकवीस वर्षं नाशिकला विमानांच्या वर्कशॉपात पत्रा ठोकलाय. त्यानं शेपटी पास केली तर खोली माझी, नापास केली तर सामान माळ्यावर. मी ताबडतोब हो म्हटलं. चाळीस वर्षं अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग दुरुस्त केले, पत्रा काय चीज आहे! आणि निवेदिताला आतली खोलीच शांत पडेल. तिच्या भल्याचंच बघतोय मी.

१६ सप्टेंबर
आज बावीस रिव्हेट! बाहेरून मी गन मारतो, आतून नागम्मा बार धरते, मधे रिव्हेटचं टोक बटणासारखं चपटं होतं. कडक भाकरी थापणारे हात, बार तसूभर हलत नाही. एकवीस एकदम झकास. बाविसावा माझ्या शिंकेमुळे तिरका, पण शिंक ही नैसर्गिक आपत्ती.
सयाजी, मिलमधला जुना जोडीदार, खिडकीतून म्हणाला, "गुरुलिंगा, इमान कवा उडनार? का आदी तूच जानार वर?" म्हटलं, पहिली सीट तुझी. म्हणाला, "नगं बाबा, मला यष्टी हाय की."

२१ सप्टेंबर
संकल्प: रोज तीस रिव्हेट.
आज शून्य. पाच तास हत्यारं पुसण्यात गेले. हत्यार निरोगी तर काम आपोआप होतं. नागम्मा म्हणाली, त्यांना जेवढं पुसता तेवढं एकदा कपाट पुसा. कपाटानं विमान होत नाही.

२६ सप्टेंबर
शून्य. निवेदिताचा फोन. "अप्पा, विमान कुठवर आलं?" म्हटलं, शेपटीपर्यंत. लई हसली पोरगी. आनंदानंच हसली असणार.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
मिलमध्ये आजच्या दिवशी माग धुऊन पूजा व्हायची. मग आपली हत्यारं काय सावत्र आहेत? पाटावर सगळी मांडली. हळद-कुंकू, फुलं. मूठभर अक्षता गनला, हवेच्या तोंडाकडून पाठीपर्यंत. बारवर कुंकू लावलेलं अर्धं लिंबू पालथं घातलं, वरून नारळाचं पाणी.
नागम्मा म्हणाली, "अहो, त्या गनच्या तोंडाला बूच तरी लावा." म्हटलं, देवाच्या कामात बूच लावतात होय? चाळीस वर्षं मागांवर अक्षता टाकल्या, एक माग बंद पडला नाही. म्हणाली, "माग केवढा, ही केवढी!" बायकांना यंत्राचं काय कळतं.
पूजेतली हत्यारं सीमोल्लंघनापर्यंत हलवायची नसतात. हलवली नाहीत.

२ ऑक्टोबर, दसरा
सीमोल्लंघन करून आलो. गनला सोनं दिलं. सणाला काम करत नाहीत.

३ ऑक्टोबर
गनच्या अंगात आलं. घोडा सोडला तरी थांबेना! हवेची नळी उपसेपर्यंत पत्र्यावर पाच पोचे. नंतर कधी चालते, कधी आचके देते. तेल पाजलं, दोन थेंबांऐवजी अर्धी वाटी. पत्र्यावर लाल तेलाचे शिंतोडे उडाले. गनला उष्णता झाली असावी.
बारच्या तोंडावर तपकिरी डाग. घासले, डाग गेले, बारीक खड्डे राहिले. पावसाळी हवा. रिव्हेट मारले बारा, बाराही देवीचे व्रण आल्यासारखे. कारण उघड आहे: नागम्माचा हात थरथरतो. तसं प्रेमानं सांगितलं.

४ ऑक्टोबर
नागम्मा बार माझ्या मांडीवर ठेवून गेली. "बत्तीस वर्षं संसार धरला तेव्हा हात थरथरला नाही. आता तुमचा बार तुम्हीच धरा."
जेवणात शेंगाचटणी नव्हती.

७ ऑक्टोबर
सयाजीला बार धरायला बसवलं. गन सुरू होताच त्यानं बार टाकला, स्वतःच्याच पायावर. म्हणाला, "तुज्या इमानापायी माजं पाय गेलं की रं!" बोट सुजलंय, मोडलेलं नाही. हळद नेऊन दिली. चहा त्यानंच पाजला.
मग सहा रिव्हेट एकट्यानंच मारले, एका हातात गन, दुसऱ्यात बार. एकूण चाळीस. हृषीकेश घरचाच आहे, समजून घेईल. शेपटी पास होणारच.

१२ ऑक्टोबर, रविवार
हृषीकेश आला. आधी चहा घे म्हटलं, त्यानं आधी चष्मा चढवला. पहिल्या बावीस रिव्हेटवरून बोट फिरवलं. विचारलं, ही धरली कुणी? मी घसा खाकरला. नागम्मा दारातून म्हणाली, "मी." म्हणाला, "मामी, हात पक्का आहे. एक तिरका, तो गनवाल्याचा." मग पुढच्या अठरांवर आला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.
मी हवामानाचं सांगितलं. त्यानं गन खोलली. घोड्याच्या आतल्या झडपेतून चिमट्यानं काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.
"मामा, हिला भात कुणी भरवला?"
बार उजेडात धरून म्हणाला, हे खड्डे लिंबाचे. हात थरथरला नव्हता मामीचा.
नागम्मा आत जाऊन भांडी लावू लागली, एकही न आपटता. आपटली असती तर बरं झालं असतं.
शेपटी नापास. तूर्त.

१४ ऑक्टोबर
खोली रिकामी केली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, मीच ठरवलं. बाळाला उजेड लागतो.
गन दुरुस्तीला हृषीकेशबरोबर नाशिकला गेली. आधी म्हणाला, दोन दिवसांचं काम. मग नागम्मानं त्याला आत नेऊन लाडू दिले, आणि बाहेर येऊन म्हणाला, पार्ट मिळायला शिवरात्र उजाडेल. पार्टची टंचाई सगळीकडेच आहे.
आज तब्येतींचा राउंड घ्यायला उठलो, तर खोलीत कुणीच नाही. म्हणून नागम्माला विचारलं, कशी आहेस? म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" मग जरा वेळानं म्हणाली, "गुडघा दुखतो. जून महिन्यापासून." तेल लावून दिलं. दोन थेंबच.
म्हटलं, तुझ्या हाताबद्दल बोललो ते चुकलं. म्हणाली, "चुकलंच."
ड्रिल, कॉम्प्रेसर माळ्यावर गेले. बार दिसेना. शोधला तर तिच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीत, खड्डे घासून चकचकीत. म्हणाली, "हा माझा. गन आली की सांगा, धरीन. पण पूजा मी करणार."
म्हणजे काम चालूच आहे. नापास पोरं पुन्हा बसतात परीक्षेला.
गनला पत्र लिहिलं, उद्या टाकेन:
चि. गन हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या पोटात आता कसं आहे? हृषीकेश तेल वेळेवर देतो का? जास्त घेऊ नकोस. इकडं सगळे बरे आहेत, नागम्माचा गुडघा सोडून. तुला लिहिता येत नाही हे जाणून आहे, तरी हृषीकेशला सांगून दोन ओळी लवकर धाड. वाट बघतो.